हातात कॅमेरा आणि स्थिर चित्र : आपले अनुभव

डीएसएलआरवर (आतील आरशामुळे व्ह्यूफाइंडरच्या खिडकीतून पाहता येणाऱ्या कॅमेऱ्यावर) उत्तम छायाचित्रे काढणाऱ्यांचाही व्हिडिओ सुरुवातीला डळमळतो. जेथे ट्रायपॉडला जागा नसते तेथे केवळ हातांच्या आधाराने चित्रीकरण करायला आपण कसे शिकलात, कोणती चूक किती दिवसांनी उमगली, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो; सोलापूरच्या इतर भागांतून आलेले अनुभव त्याखाली आहेत.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळ्याचे मी प्रथम चित्रीकरण केले. १८-५५ मिमीची झूम लेन्स पूर्ण ५५ वर, म्हणजे सर्वाधिक झूमवर नेऊन, हात लांब करून मागच्या पडद्यात पाहत होतो. घरी संगणकावर लावले, तेव्हा नंदीध्वजांच्या उंच काठ्या आणि त्या पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नुसते हिंदकळत होते. छायाचित्र काढताना कॅमेरा भुवईला टेकलेला असतो. व्हिडिओत आरसा वर उचलला जाऊन व्ह्यूफाइंडर काळा पडतो, त्यामुळे तो आधार जातो. हे कळल्यावर उपायही सापडला. गळ्यातला पट्टा आखूड करून कॅमेरा पुढे ढकलला, की पट्टा ताणला जातो आणि मानेचा आधार मिळतो. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, डावा तळहात लेन्सखाली असावा. झूम न करता १८ वर राहून माणसाच्या जवळ जाण्याची सवय लागायला मात्र पूर्ण वर्ष गेले.

अशोक चौकातून :
आधार घ्यावा असे वाचल्यामुळे आमच्या चादरीच्या कारखान्यात मी खांबाला पाठ टेकवून उभा राहिलो. माग चालू असताना फरशीसह खांबही थरथरतो. ती बारीक थरथर कॅमेऱ्यात उतरली आणि चित्रातल्या उभ्या रेषा जेलीसारख्या डुलू लागल्या, कारण सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो. खांब सोडून, पाय खांद्यांइतके फाकवून गुडघे सैल ठेवले, तेव्हा ती थरथर बरीचशी पायांतच जिरली. दुसरी अडचण ट्यूबलाइटची. चित्रावर काळसर पट्टे सरकत होते. कॅमेरा एनटीएससी या व्हिडिओ पद्धतीवर, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटरवर होता. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने पाल (PAL) ही दुसरी पद्धत निवडून २५ फ्रेम आणि १/५० केले, तेव्हा पट्टे गेले. कॅमेरा बिघडला असे समजून दुरुस्तीला धावणाऱ्यांना हे आवर्जून सांगावेसे वाटते.

जुळे सोलापूरहून :
मी लग्नांचे चित्रीकरण करते. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणीच ऑटोफोकस पुढे-मागे धावला आणि नवरीचा चेहरा धूसर आला. तो क्षण पुन्हा येत नाही. तेव्हापासून फोकस आधी धरून मॅन्युअलवर टाकते आणि अंतर माझ्या पावलांनी राखते.

विजापूर रोडवरून :
भुईकोट किल्ल्यात भर दुपारी शटर १/५० ठेवले, की आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १०० वरही लेन्सचे छिद्र एफ/२२ पर्यंत बारीक करावे लागे आणि चित्राची धार जाई. शटर १/१००० केल्यास उजेड आटोक्यात येई, पण हाताचा प्रत्येक झटका सुटासुटा, डोळ्यांना टोचणारा दिसे. एनडी८ फिल्टर (लेन्ससमोरची उजेड कमी करणारी गडद काच) लावल्यापासून १/५० कायम ठेवून एफ/८ या मोठ्या छिद्रावर काम भागते. चालताना मात्र अजून साधलेले नाही. तलावाकाठी रोज सकाळी आधी टाच, मग हळूहळू चवडा टेकवत चालण्याचा सराव करतो. आतापर्यंत १० सेकंदांचा एकच तुकडा नीट आला आहे. कुणी हे साधले असल्यास पावले कशी टाकता ते कृपया लिहावे.