नवऱ्याला शुगर निघाली, डब्यात काय देऊ? (डोंबिवली ते फोर्ट, बजेट महिना ₹१५००)

डोंबिवलीकरीण
नमस्कार मंडळी. नवऱ्याचं वय ४७. ऑफिसच्या तपासणीत शुगर निघाली, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.४. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू केलंय. आहाराबद्दल "भात कमी, गोड बंद" एवढंच सांगितलं.
सकाळी ७.१२ची लोकल, डबा दीडला (मीटिंग लांबली की अडीचला), घरी यायला साडेआठ. खरा घोळ संध्याकाळचा आहे. सहाला कडकडून भूक लागते, मग सीएसएमटीला गाडी पकडायच्या आधी वडापाव, आणि घरी येऊन परत पोटभर जेवण. आम्ही मालवणी. भाताशिवाय जेवण झालं असं त्याला वाटतच नाही.
दोनच प्रश्न. पीठ कुठलं आणू? आणि संध्याकाळी ऑफिसात काय देऊ, फ्रीज नाही तिथे. महिन्याला जास्तीचे पंधराशे काढू शकते, त्यावर नाही. लेकीचं दहावीचं वर्ष आहे.

पवईचा_पाणवठा
क्विनोआ. डोळे मिटून घ्या. आम्ही घरात तांदूळ आणणंच थांबवलंय. पोळ्या बदामाच्या पिठाच्या, सकाळी चिया घालून दही, रात्री ब्रोकोलीचं सूप. माझी एचबीएवनसी ७.९ वरून ६.३ वर आली, डॉक्टरसुद्धा चकित झाले. बदामाचं पीठ किलोला हजाराच्या वर जातं, पण तब्येतीपुढे पैशाचं काय घेऊन बसलात!

लालबागची_माई
अगं बाई, जांभळाच्या बियांची पूड घे. बिया सावलीत वाळवायच्या, कुटायच्या, सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर. वर कारल्याचा रस. आमच्या चाळीत निम्मी मंडळी घेतात. जून लागला की दादरला बहाडोलीची जांभळं येतात, तेव्हाच बिया साठवून ठेव.

सोलापुरी_इन_ठाणे
ज्वारी! ज्वारी! ज्वारी! गहू हेच मूळ दुखणं आहे. माझ्या वडिलांनी गहू सोडला, शुगर पळाली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं ते उगाच नाही. ज्वारी गावाकडून आणायची आणि गिरणीत स्वतः उभं राहून दळून घ्यायची.

खारघर_७
सोलापुरी +१. पण ज्वारीपेक्षा नाचणी सरस, कॅल्शियमसुद्धा मिळतं.

सोलापुरी_इन_ठाणे
नाचणीचं सत्त्व दुधातून पिणाऱ्यांची शुगर कशी उडते ते पाहिलंय. भाकरी म्हणजे ज्वारीचीच.

खारघर_७
सत्त्वाचं कोण बोललं? मी भाकरीचंच बोलतोय.

परळ_आहारतज्ज्ञ
मी याच कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
ज्वारी चांगलीच, तंतू जास्त असतात, पोट भरल्यासारखं राहतं. पण शंभर ग्रॅम पिठात कर्बोदकं ज्वारीत, नाचणीत आणि गव्हात साधारण सारखीच, पासष्ट ते बहात्तर ग्रॅम. फरक पडतो तो आकारात. घरी काटा असेल तर एकदा भाकरीचा गोळा वजन करून बघा. चांगली हातभर भाकरी पन्नास-साठ ग्रॅम पिठाची होते. पातळ फुलका पंचवीसचा. म्हणजे एक भाकरी दोन फुलक्यांच्या बरोबरीची. "भाकरी आहे ना, चालते" म्हणून तीन खाणारे रोज भेटतात आणि मग शुगर का उतरत नाही म्हणून विचारतात. शिजलेला भात सपाट वाटीभर, दीडशे ग्रॅम धरला, तर चाळीस ग्रॅम कर्बोदकं. तो एका मोठ्या भाकरीच्या आसपासच जातो.
पिठापेक्षा तुमच्या यजमानांच्या औषधाकडे लक्ष द्या. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेले असा नाहीतर नसा. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही, पण या जोडीत डबा दीडचा अडीचवर गेला तर शुगर ७०च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, एकदम चिडचिड. तेव्हा पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि भात एकदम तोडायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, गोळीचा डोस बदलावा लागू शकतो.

कुर्ला_ईस्ट
हे वरचं सगळ्यांनी दोनदा वाचा. माझ्या मामांनी संकष्टी धरली, सकाळची गोळी मात्र घेतली. दिवसभर फक्त चहा. संध्याकाळी गाडीत घाटकोपरच्या पुढे घामाने शर्ट भिजला, बोलणं अडखळायला लागलं. लोकांना वाटलं पिऊन आलाय, दोघे-तिघे बाजूला सरकले. एका कॉलेजच्या पोराने ओळखलं, त्याच्या बाटलीत गोड सरबत होतं ते पाजलं, म्हणून वाचले. तेव्हापासून खिशात ग्लुकोजची पुडी आणि पाकिटात चिठ्ठी, "मला मधुमेह आहे, बरळायला लागलो तर साखर द्या." ताई, आजच करा हे. पुडी दहा-वीस रुपयांची असते.

लालबागची_माई
संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली असती तर झालं नसतं हे.

परळ_आहारतज्ज्ञ
माई, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, कोरड्या शंभर ग्रॅममध्ये सत्त्याऐंशीच्या आसपास कर्बोदकं. त्याने शुगर उलट भसकन चढते. उपास करायचाच तर डॉक्टरांना विचारून गोळी ठरवायची. आणि कारल्याचा रस गोळ्यांच्या जोडीने घेतला तर कुणाकुणाची शुगर जास्तच खाली जाते. तो औषधाच्या जागी नको आणि औषधाच्या जोडीला डॉक्टरांना न सांगता नको.

लालबागची_माई
आमच्या आजीने आयुष्यभर घेतला. असो.

अंधेरी_टेक
पीठबीठ राहू दे, दंडावर लावायचा शुगर मोजणारा सेन्सर घ्या. चौदा दिवस चालतो, पाच हजारांच्या आसपास पडतो, मोबाईलवर आलेख दिसतो. मी दर महिन्याला दोन लावतो. त्यातून कळलं की पोह्यांनी माझी २२०वर जाते, आणि तेच पोहे भरपूर मटार-शेंगदाणे घालून, आधी काकडी खाऊन घेतले तर १७०च्या आत राहते. भाजी आणि डाळ आधी, भात-पोळी शेवटी, हा क्रम मला सगळ्यात जास्त लागू पडला. इडलीने तर २४०. इडली पथ्याची म्हणतात, माझ्या आलेखाला ते मान्य नाही.

पवईचा_पाणवठा
क्विनोआची इडली करून बघा. १५०च्या वर जात नाही.

गिरगाव_चौपाटी
आंब्याचं कुणीच बोलत नाही. मे महिन्यात काय करायचं? मी हापूसची एक फोड जेवणासोबत खातो आणि त्या दिवशी पोळी एक कमी. आमरस बंद. कुणी मला हापूस पूर्ण सोडायला सांगितला तर मी गोळ्याच सोडेन.

खारघर_७
गोळ्या सोडू नका हो! आणि साखरेऐवजी गूळ वापरा.

परळ_आहारतज्ज्ञ
गूळ, मध, खजूर, सगळं साखरच. चहात एक चमचा गूळ घातला तर एक चमचा साखर घातल्यासारखंच धरा. "डायबेटिक" असं लिहिलेली बिस्किटंही तशीच. मागचं लेबल वाचा, पहिला घटक बहुतेकदा मैदा असतो.

डोंबिवलीकरीण
सगळ्यांचे आभार. ग्लुकोजच्या पुड्या आज आणल्या. एक त्याच्या बॅगेत, एक शर्टाच्या खिशात.
पण सेन्सर, क्विनोआ, बदाम हे पंधराशेत कसं बसणार? आणि संध्याकाळचं कुणीच सांगत नाही. मला तेच हवंय.

वसईवाला
फुटाणे. सालासकट. मूठभर, तीस ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं सहा ग्रॅम. आठवडाभर डब्यात टिकतात. किलो आणलात तरी पंधराशेतले तेराशे उरतील. मी चर्चगेटला गाडी सुटली की डबी उघडतो, बोरिवलीपर्यंत एकेक खातो. वडापावची आठवण येत नाही असं नाही, पण पोट भरलेलं असतं म्हणून पाय तिकडे वळत नाहीत.

खारघर_७
फुटाणे +१. शेंगदाणेही चालतील, पण मूठभरच. खारे नकोत, बीपी असेल तर.

सोलापुरी_इन_ठाणे
शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची अर्धी भाकरी. संपला विषय.

कुर्ला_ईस्ट
उकडलेली दोन अंडी. आठवड्याचा डझन परवडतो. सालासकट नेली की संध्याकाळपर्यंत राहतात, उन्हाळ्यात मात्र नको.

मालाड_मालवण
गाववाली, भात सोडू नको. मासे तर अजिबात नको सोडू, बांगड्यात-तारलीत कर्बोदक नावाला नाही. तळणीचा रवा तेवढा काढ. तव्यावर माशांचं सुकं तिखलं कर, तिरफळं घालून, तेल चमचाभर. आणि भाताच्या वाटीला हद्द घाल. माझ्या बायकोने चपटी स्टीलची वाटी ठरवली, ती उलटी पाडायची, तेवढाच भात, परत वाढायचा नाही. आमटी, मासे आणि मुळ्याची भाजी हवी तेवढी. शुगर जेवल्यावर दोन तासांनी १६०-१७० असते. सोलकढी चालते, पण नारळ बेताने घाला, वजन वाढतं.

सोलापुरी_इन_ठाणे
शेवटी भातच! म्हणूनच कोकणपट्टीत घराघरात शुगर.

मालाड_मालवण
सोलापुरात काय कमी आहे? देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ मध्ये दिला, ते सगळे भात खाणारे होते का?

परळ_आहारतज्ज्ञ
मालाड, तुमची वाटीची युक्ती मी पेशंटना सांगणार आहे. पंधराशे रुपयांबद्दल म्हणाल तर माझ्या मते पहिला खर्च साध्या ग्लुकोमीटरचा. यंत्र एकदाच घ्यायचं, खर्च पट्ट्यांचा. पन्नासची डबी हजाराच्या आसपास पडते. रोज मोजायची गरज नाही. आठवड्यात तीनचार वेळा, एकदा उपाशीपोटी, एकदा डब्यानंतर दोन तासांनी, एकदा रात्रीच्या जेवणानंतर. जेवणानंतर १८०च्या आत हवी. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणार असतील तर अधूनमधून बी-१२ बघून घ्या, ते कमी होतं, आणि पायाला मुंग्या आल्या की लोक सगळं शुगरवर ढकलतात.

अंधेरी_टेक
पट्ट्यांच्या भावात सेन्सरच बरा पडतो असं माझं मत.

डोंबिवलीकरीण
ठरलं. पीठ बदलत नाही, गहूच राहील. भातही राहील, मालाडच्या वाटीने. ज्वारीवाल्यांनी रागावू नये. नवीन पीठ आणलं तर तो दोन दिवस खाईल आणि तिसऱ्या दिवशी बाहेर जेवेल, मी ओळखते त्याला.
पंधराशेतून ग्लुकोमीटर आणि पट्ट्या. पहिल्या महिन्यात थोडं वर जाईल, तेवढं मी सोसते.
संध्याकाळसाठी फुटाणे, अंडी दोन्ही सुचवलीत, पण त्याला कोरडं खाऊन जेवल्यासारखं वाटत नाही. म्हणून डब्याला आणखी एक कप्पा जोडतेय. दुपारी पोळी-भाजी आणि वाटीचा भात, आणि त्या कप्प्यात मटकीची किंवा चवळीची उसळ, ती साडेपाचला खायची. दीडचा डबा लांबणार असला तर तीच उसळ आधी खायची, हे त्याने कबूल केलंय. घरी आल्यावर भात नाही, मासे, भाजी आणि दोन फुलके. मग आम्ही दोघं फडके रोडला फेरी मारून येणार. वडापाव शनिवारी एक. तो मी त्याच्यासोबत खाणार.

वसईवाला
उसळ साडेपाचपर्यंत? मेमध्ये आंबेल. फुटाणे ते फुटाणे.

लालबागची_माई
नाही आंबत. ओलं खोबरं आणि कांदा घालू नकोस, मोहरी-हिंगाची फोडणी, आमसूल दोन जास्त, आणि डबा भरताना पूर्ण गार झालेली असू दे. गरम भरलीस तर झाकणाला घाम येतो, त्यानेच वास मारते. आमचे हे गोदीत कामाला होते, तीस वर्षं अशीच नेत होते.

डोंबिवलीकरीण
माई, हे उद्यापासूनच. रात्रीच करून पंख्याखाली ठेवू की पहाटे करू?

लालबागची_माई
पहाटेच कर. मोड आलेली मटकी कुकरला एक शिट्टी. ७.१२च्या आत गार होते, परातीत पसरून ठेव.