'त्या दोघी सुटल्या' हा मेसेज पुढे पाठवू नका. आणि फाशीबद्दल बोलायचंच असेल तर इथे बोला

बोरीकाठ (अमळनेर)
सारंगखेड्याची यात्रा आठ दिवसांवर आली आणि आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दोन बायांचा जुना फोटो फिरायला लागला. खाली लिहिलंय, 'ह्या सुटल्या, पोरं सांभाळा.' फोटो रेणुका शिंदे आणि सीमा गावितचा, लहान मुलं पळवून मारल्याबद्दल शिक्षा झालेल्या दोन बहिणींचा. माझ्या बहिणीने तो बघून यात्रेला जायचंच रद्द केलं, म्हणून हा धागा काढला.

त्या सुटलेल्या नाहीत. 2022 मध्ये त्यांची फाशी बदलून जन्मठेप झाली आणि 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ही जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, कसलीही सूट नाही.

नव्या पोरांना प्रकरण माहीत नसेल. या दोघींची आई अंजनाबाई गावित नाशिककडची. पहिला नवरा सोडून गेला. दुसरा मोहन गावित, त्यानेही वेगळं होऊन दुसरं लग्न केलं. आई आणि दोन्ही मुली जत्रेत, देवळात, एसटी स्टँडवर चोऱ्या करायच्या. 1990 मध्ये रेणुका चोरी करताना सापडली, तेव्हा तिचं स्वतःचं पोर कडेवर होतं. पोराकडे बघून लोकांनी सोडून दिलं. कडेवर मूल असलं की बाईवर कुणी हात टाकत नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी दुसऱ्यांची मुलं उचलायला सुरुवात केली. पहिलं कोल्हापुरातल्या एका भिकारणीचं. मूल रडायला लागलं, नकोसं झालं की मारायचं. 1996 पर्यंत हे चाललं. 13 मुलं पळवल्याचा आणि त्यातली 9 मारल्याचा आरोप होता. शेवटच्या कोर्टापर्यंत 5 खून टिकले. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच 1997 मध्ये तुरुंगात मेली.

सापडल्या कशा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोहन गावितच्या दुसऱ्या बायकोची मुलगी त्यांनी सूड म्हणून पळवली. त्या आईला संशय कुणावर घ्यायचा ते माहीत होतं. तिने पोलिसांत अंजनाबाईचं नाव घेऊन तक्रार दिली आणि नाशिक पोलिसांनी त्यांना उचललं. मग जुनी एकेक प्रकरणं बाहेर आली. ज्या आयांना नाव सांगता येत नव्हतं, त्यांची पोरं सहा वर्षं नुसती 'हरवलेली' राहिली. फाशी झाली नाही याचं मला दुःख नाही. या सहा वर्षांचं आहे.

केळीबाग (रावेर)
भाऊ, मेसेज खोटा, मान्य. पण 'फाशी झाली नाही याचं दुःख नाही' हे कसं लिहवलं तुम्हाला? कोल्हापूरच्या कोर्टाने 2001 ला फाशी दिली. 2004 ला उच्च न्यायालयाने, 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. 2014 ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आपल्या जळगावचे उज्ज्वल निकम सरकारी वकील, दीडशेच्या वर साक्षीदार तपासले. एवढं सगळं होऊन 2022 ला उच्च न्यायालय म्हणतं, उशीर झाला म्हणून जन्मठेप. उशीर कुणी केला? मंत्रालयातल्या फायलीने. त्याचा फायदा कुणाला? लेकरं मारणाऱ्यांना. ज्यांची लेकरं गेली त्यांच्या वाट्याला काय आलं, ते सांगा.

वकीलताई_जळगाव
केळीबाग दादा, तुमचा राग रास्त आहे, पण नेम चुकतोय. कोर्टाने गुन्ह्याला कुठेही माफ केलेलं नाही. त्याच निकालात गुन्हा शब्दांपलीकडचा क्रूर असल्याचं म्हटलंय. प्रश्न एवढाच होता की दयेचा अर्ज जवळजवळ आठ वर्षं सरकारी टेबलांवर का पडून राहिला. फाशीच्या कोठडीत रोज उद्याची वाट बघायला लावणं ही कायद्याने दिलेली शिक्षा नाही. दयेच्या अर्जाला सरकारने विनाकारण उशीर केला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालापासून सगळ्यांना सारखा लागू आहे. कुणाची कीव आली म्हणून तो बदलत नाही आणि कुणाचा संताप आला म्हणूनही नाही.

केळीबाग (रावेर)
ताई, नियम समजला. मग फाईल दाबून बसलेल्या एकालाही शिक्षा झाली का? आणि रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार होऊन मोकळा झाला, तो कुठल्या न्यायात बसतो? दोन मुलांचा बाप आहे मी. मला हे पटणार नाही.

वकीलताई_जळगाव
किरण शिंदेचं मलाही गिळवत नाही. पण त्याच्या साक्षीशिवाय हा खटला कितपत उभा राहिला असता, याची मला शंका आहे. फाईलवाल्यांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं.

नवापूर_मास्तर
माझं आडनाव गावित. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर भागात, गावोगाव गावित आहेत. माझा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, तिथे वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात त्याला विचारलं गेलं, 'त्या गावित बहिणींचा कोण रे तू?' रेणुका तर शिंदे, तिचा बापही गावित नव्हता. तरी पेपरवाल्यांनी 'गावित भगिनी' करून टाकलं ते टाकलंच. धाग्याचं नाव लिहिताना बोरीकाठ भाऊंनी आडनाव टाळलं, त्याबद्दल आभार. फाशी व्हायलाच हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बोलताना माणसाचं नाव घ्या, कुळाचं नको.

साक्रीकर
फाशीपेक्षा मला त्या फोटोची भीती वाटते. 1 जुलै 2018 विसरलात का? राईनपाडा आमच्याच साक्री तालुक्यातलं गाव. रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला एवढ्यावरून 'मुलं पळवणारे' अशी हाकाटी झाली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच जणांना ठार मारलं. तेही असल्याच मेसेजमुळे. माझी आजी लहानपणी सांगायची, 'अंधारामा जाऊ नको रे, ती बाई उचली लई जाई.' ते घरापुरतं होतं. फोनवर तेच वाक्य दोन हजार लोकांकडे जातं आणि समोर कुणीतरी परका उभा असतो.

केळीबाग (रावेर)
साक्रीकर, राईनपाड्याचं समर्थन इथे कुणीच करत नाही. पण लोक हातात दगड का घेतात? कोर्टातून काही होत नाही असं वाटतं म्हणून. 2001 ची फाशी 2022 ला जन्मठेप झाली, हे लोक बघतात ना?

साक्रीकर
नाही भाऊ. राईनपाड्यात कुणी कोर्टाची वाट बघून थकलं नव्हतं. कुणाचं मूलच हरवलं नव्हतं.

बोरीकाठ (अमळनेर)
साक्रीकरांनी माझ्या मनातलं लिहिलं. कोल्हापूरची ती आईही भिक्षा मागणारी आणि राईनपाड्यात मेलेलेही भिक्षा मागणारे.

केळीबाग भाऊ, फाशीवर तुमचं-माझं जमणार नाही, राहू द्या. पण एक माहीत असू द्या. 2013 पासून सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण समजून गुन्हा नोंदवायचा. 'एक दिवस थांबा, येईल घरी' असं ठाण्यात कुणी म्हटलं तर ऐकायचं नाही. 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे, फुकट लागतो.

केळीबाग (रावेर)
हे माहीत नव्हतं. नंबर टाकतो आमच्या ग्रुपवर. तो फोटोही काढायला लावतो. फाशीचं मात्र मी मागे घेत नाही.

बोरीकाठ (अमळनेर)
नका घेऊ. बहीण यात्रेला यायला तयार झाली आहे. पोरांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवणार आहोत.