चेक इंजिनचा दिवा पाच महिने जात नाही, कॅट बदलायला सांगतायत. काय करू?

टॉवेलवाला:

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ची पेट्रोल, बीएस फोर, ८१,००० किलोमीटर झाले. माझा टॉवेलचा धंदा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून माल उचलायचा आणि बार्शी, पंढरपूर, टेंभुर्णी, कधी थेट पुणे. म्हणजे गाडी हायवेलाच जास्त असते.

मार्चमध्ये पहिल्यांदा इंजिनचा पिवळा दिवा लागला. विजापूर नाक्याजवळ एकाकडे स्कॅनर लावला. दोन कोड निघाले, पी०१७२ आणि पी०४२०. त्यानं ३०० रुपये घेऊन कोड उडवले, म्हणाला आता येत नाही. गावात फिरलो तर चार-पाच दिवस खरंच येत नाही. पण पुणे रोडला लागलो, लांबोटीला चहा-चिवडा झाला आणि मोहोळ ओलांडलं की हजर! एकदा नाही, चार वेळा असंच झालं. आता तर बायको मोहोळची पाटी दिसली की दिव्याकडंच बघत बसते.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दहा मिनिटांत निकाल दिला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा कॅट, गेलाय, ४६,००० रुपये. त्याआधी एका मेस्त्रीनं पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला होता, ४,२०० गेले, फरक शून्य. दुसऱ्यानं प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. आयडलिंग दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच.

गाडी तशी पळते. पिकअप ठीक, ॲव्हरेज दीड-दोननं कमी झालाय. पीयूसी मागच्याच महिन्यात काढली, पास झाली. मग कॅट खराब असता तर पीयूसीत नापास व्हायला नको का? ४६,००० म्हणजे माझा एका महिन्याचा नफा आहे ओ. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

बे_काय_बे:

दिव्यावर काळी चिकटपट्टी लाव बे. मी दोन वर्षं झाली लावलोय. गाडी मस्त पळतीय.

मोहोळकर_ऊसवाला:

हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळं. ऊस आम्हीच लावायचा आणि गाड्याबी आमच्याच बिघडायच्या. माझ्याबी गाडीचा ॲव्हरेज पडलाय.

गॅरेजअण्णा:

टॉवेलवाले, कॅटचे पैसे आत्ता देऊ नका. होटगी रोडला बावीस वर्षं गॅरेज केलं, आता गुडघ्यांमुळं बंद केलंय. त्यामुळं मला तुम्हाला काही विकायचं नाही, एवढ्यासाठी सांगतो.

पी०४२० हा कोड नावासारखाच आहे. चारसोबीस. पिनल कोडातलं ते कलम २०२४ला गेलं, आमच्या धंद्यातलं अजून आहे. त्या कोडचा अर्थ एवढाच की कॅटच्या मागचा सेन्सर पुढच्या सेन्सरसारखा वरखाली व्हायला लागलाय. चांगल्या गाडीत पुढचा सेन्सर सतत ०.१ ते ०.९ व्होल्ट असा नाचत असतो. मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसलेला पाहिजे, कारण मधला कॅट ऑक्सिजन साठवून ठेवतो आणि लागेल तसा सोडतो. मागचाही नाचायला लागला की कॉम्प्युटर म्हणतो, कॅट काम करत नाही. पण तो का करत नाही, हे त्याला कळत नाही. कॅट झिजला असेल, सायलेन्सरचा जॉइंट फुटून हवा आत जात असेल, नाहीतर पुढून येणारा धूरच चुकीचा असेल.

आणि तुमच्याकडे दुसरा कोड आहे की. पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. जिथं दोन्ही एकदम येतात तिथं आधी १७२ सोडवायचा, मग ४२०कडं बघायचं. सतत जास्त पेट्रोलचा धूर गेला तर कॅट बिचारा काय करणार? आज नवीन टाकला तर तोही वर्ष-दीड वर्षात असाच मरेल आणि तुम्ही परत ४६,००० घेऊन उभे.

मोहोळलाच का लागतो, तेही सांगतो. कॅटची परीक्षा कॉम्प्युटर रोज घेत नाही. इंजिन पूर्ण तापलेलं आणि गाडी काही मिनिटं एकसारख्या वेगात असली की मगच घेतो. सात रस्ता ते आसरा चौक या ट्राफिकमध्ये ती परीक्षा कधी होतच नाही. शिवाय एकदा नापास झालं की दिवा लावत नाही, पुढच्या फेरीत परत नापास झालं की लावतो. म्हणून कोड उडवून ३०० रुपये घेणारा तुम्हाला गाडी दुरुस्त करून देत नाही, चार दिवसांची मुदत देतो.

पीयूसीचं म्हणाल, तर तिथं नळी सायलेन्सरात घालून गाडी उभी असताना धूर मोजतात. तुमचा कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल ओळखून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आवरता घेतोय, म्हणून शेवटी मिश्रण जागेवर येतं आणि तुम्ही पास होता. किती आवरता घेतोय, तेच बघायचंय. ब्लूटूथचं छोटं स्कॅनर ऑनलाइन हजाराच्या आत येतं, स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय (अधिक) किंवा कमी करतोय (उणे). शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाचा आकडा, लाँग टर्म म्हणजे कायमचा बसलेला. लाँग टर्मचा आकडा एकदा आयडलवर घ्या, एकदा २५०० आरपीएम धरून घ्या.

आणि दोन साधे प्रश्न. पेट्रोल भरताना पंपवाल्याला काय सांगता? आणि टाकी भरून लगेच गाडी चालू करताना स्टार्टर जास्त मारावा लागतो का?

ऊसवाले, इथेनॉलमुळं ॲव्हरेज थोडा पडतो हे बरोबर. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. त्यानं मिश्रण पातळ होतं आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. यांची तक्रार बरोबर उलटी आहे. या गुन्ह्यात तुमच्या उसाला सोडून द्या.

टॉवेलवाला:

अण्णा, तुम्ही पंपावर माझ्या मागं उभे होता काय?

मी नेहमी काठोकाठ भरून घेतो. नोझल कट झाल्यावर पोरगा विचारतो, राउंड फिगर करू का मालक? मी म्हणतो कर, अजून बसेल तेवढं टाक. पुण्याला जाऊन-येऊन ५०० किलोमीटर होतात, मध्ये थांबायला नको म्हणून. आणि हो, भरल्यावर लगेच स्टार्टर दोन-तीनदा मारावा लागतो. लागली की जरा थरथरते, रेस द्यावी लागते. मला वाटायचं पेट्रोलच भेसळीचं आहे, म्हणून पंप बदलला. दोनदा.

स्कॅनर मागवला, ७५० रुपये. काल टाकी भरून लगेच बघितलं. आयडलवर लाँग टर्म उणे १९. २५०० वर धरला तर उणे ४. याचा अर्थ काय? आणि हो, मे महिन्यात दुपारी गाडी उन्हात लावली की पेट्रोलचा वास यायचा, तो सांगायचा राहिला.

गॅरेजअण्णा:

चोर जवळजवळ सापडला. पेट्रोल पंपाचं प्रेशर जास्त असतं, तर २५०० वरही आकडा खाली राहिला असता. फक्त आयडलवर एवढा खाली जातो, म्हणजे इंजिनची ओढ, व्हॅक्यूम, जोरात असताना कुठूनतरी फुकटचं पेट्रोल आत येतंय. माझा संशय पर्ज व्हॉल्व्हवर.

नीट समजून घ्या. टाकीत पेट्रोलची वाफ तयार होते. ती हवेत सोडायला बंदी आहे, म्हणून ती एका कोळशाच्या डब्यात नेतात, त्याला कॅनिस्टर म्हणतात. कोळसा वाफ शोषून ठेवतो. इंजिन तापल्यावर कॉम्प्युटर पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडून ती वाफ इंजिनात ओढतो आणि जाळतो. इंजिन बंद असताना आणि थंड आयडलला तो व्हॉल्व्ह घट्ट बंद पाहिजे. तो उघडाच अडकला की वाफ चोवीस तास मोकळी. नुकती टाकी भरलेली, त्यात आपल्या सोलापूरचं ४३-४४ डिग्रीचं ऊन, मग तर विचारूच नका. म्हणून ऊन चढायला लागलं तसा, मार्चमध्येच तुमचा दिवा सुरू झाला.

आणि काठोकाठ भरण्याचा संबंध असा. नोझल कट होते तेव्हा टाकीत वरची जागा वाफेसाठी मोकळी ठेवलेली असते. तुम्ही ती भरली की वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरतं. कोळसा भिजतो, त्याचे कण सुटतात आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी जाऊन बसतात. माझ्याकडं असल्या चार-पाच गाड्या तरी आल्या होत्या. सगळे राउंड फिगरवाले.

आता तपासणी घरीच करा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना चालू करा. इनटेक मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांजवळ, एक छोटा काळा व्हॉल्व्ह असतो, दोन वायरचा सॉकेट आणि दोन पाइप. कॅनिस्टरकडून येणारा पाइप काढा आणि व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. खात्री करायची तर इंजिन बंद करून व्हॉल्व्ह काढा, स्वच्छ नळी लावून फुंकून बघा. करंट नसताना हवा पलीकडं जाता कामा नये. फुंकायचं, ओढायचं नाही, तोंडात पेट्रोलची वाफ जाईल. आणि आसपास बिडी-काडी कुणी पेटवू नये. हे सांगावं लागतं, मी बघितलेलं आहे.

जुळे_सोलापूरकरीण:

मध्येच विचारते, माफ करा अण्णा. माझी डिझेल बीएस सिक्स आहे. रोज जुळे सोलापूर ते नवी पेठ, तेवढंच चालवणं. आधी डीपीएफचा, म्हणजे धुराच्या फिल्टरचा, दिवा लागला, मी दुर्लक्ष केलं, परवापासून इंजिनचाही लागलाय. हाही पर्ज व्हॉल्व्ह का?

गॅरेजअण्णा:

नाही ताई, तुमचं दुखणं वेगळं. डिझेल गाडीच्या धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळायला आत सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं आणि सहा-सात किलोमीटरच्या फेरीत ते कधी होत नाही. प्रत्येक वेळी जळायला सुरुवात होते, तेवढ्यात तुम्ही घरी पोचता. अर्धवट राहिलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. आज डिपस्टिक बघा, ऑइल वरच्या खुणेच्या पुढं गेलं असेल तर गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला. नुसता डीपीएफचा दिवा होता तेव्हा तुळजापूरला एक चक्कर मारली असती, खालच्या गिअरमध्ये २०००च्या वर आरपीएम ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, तर काम झालं असतं, देवीचं दर्शनही. आता इंजिनचा दिवा लागलाय आणि गाडी ओढत नसेल, तर सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावूनच जाळावं लागेल. फिल्टर बदला म्हणाले तर आधी जाळून बघा म्हणा.

टॉवेलवाला:

अण्णा, बोट असं चिकटलं की काढताना फट्ट आवाज आला. इंजिन गार, सकाळचे साडेसहा. व्हॉल्व्ह काढून आपटला तर खरंच काळी पूड पडली, बायकोच्या पांढऱ्या टॉवेलवर. आमच्याच मालातला होता, जाऊ दे.

आणखी एक गंमत केली. काढायच्या आधी इंजिन चालू ठेवून तो पाइप चिमट्यानं दाबला आणि मोबाइलवर आकडे बघितले. शॉर्ट टर्म एकदम अधिक १४ वर उडाला, मग लाँग टर्म हळूहळू उणे १९ वरून वर यायला लागला. तुम्ही सांगितलं नसतं तर या आकड्यांकडं मी आयुष्यात बघितलं नसतं.

नवीन व्हॉल्व्ह १,९०० ला मिळाला. मीच बसवला, दोन स्क्रू. कॅनिस्टर हलवून बघितला, आत पाणी हलल्यासारखं काही वाजत नाही, म्हणून तो ठेवलाय. बरोबर केलं ना?

गॅरेजअण्णा:

बरोबर. हातात जड लागला असता किंवा आतून पेट्रोल ठिबकलं असतं तर बदलावा लागला असता. पाइपात फुंकर मारून पूड काढून टाका, नाहीतर नवा व्हॉल्व्हही तीच खाईल. आता कोड उडवा आणि हजार-एक किलोमीटर नेहमीसारखी चालवा. नंतर हायवेला एकसारख्या वेगात मागच्या सेन्सरचा ग्राफ बघा, बायकोला धरायला द्या मोबाइल. कॅट पाच महिने भिजत होता, लगेच निकाल मागू नका.

टॉवेलवाला:

तीन आठवडे झाले. बार्शी चार वेळा, पंढरपूर दोनदा, पुणे एकदा. मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेली, इंदापूर गेलं, दिवा नाही. लाँग टर्म आयडलवर उणे ३. मागचा सेन्सर ०.६५ ते ०.७ च्या मध्ये बसलाय, मधूनच एखादं हेलकावं घेतो. ॲव्हरेज एकनं वाढलाय, दीड नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं तर ते म्हणाले, कॅट वर्षभरात जाईलच. असेल.

पंपावरच्या पोराला मात्र पटत नाही. ओळखीचा आहे, अजून विचारतो, मालक राउंड फिगर? परवा १,८६३ रुपये झाले, सुट्टे शोधत बसलो.

गॅरेजअण्णा:

हेलकावे वाढतात का ते दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा. वाढले तरी घाबरू नका, आधी सायलेन्सरचा पुढचा लवचीक जॉइंट तपासा. आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर तोच आधी खातात. थंड इंजिन चालू करून मागच्या तोंडाला क्षणभर जाड फडकं धरलं की फुटलेल्या जागेतून फुसफुस ऐकू येते, काजळीचा डागही दिसतो.

जुळे_सोलापूरकरीण:

अण्णा, ऑइल खुणेच्या वर होतं. बदललं, मग मशीननं जाळून घेतलं. दोन्ही दिवे गेले. आता दर रविवारी तुळजापूर.

बे_काय_बे:

अण्णा, माझ्याबी गाडीत टाकी भरल्यावर वास येतोय. आणि चढाला मिसिंग मारतीय. पट्टी काढून बघू का?

गॅरेजअण्णा:

काढ. दिवा लुकलुकत असला तर गाडी तिथंच उभी कर, गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत आणू नकोस. मिसिंगमध्ये न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं, तो आतून वितळतो.

बे_काय_बे:

काढली. लुकलुकत नाही, नुसता लागलाय. पण त्याच्या शेजारी ऑइलचाबी लागलाय बे, तो पट्टीखालीच होता.