आधी राहून गेलेल्याशी बोला
वर्कअवे या वेबसाइटवरून आपण एखाद्या होस्टकडे रोज थोडे तास काम करतो आणि त्या बदल्यात तिथे राहतो-जेवतो. ‘पाच स्टार आणि भरपूर रिव्ह्यू दिसले की होस्ट चांगलाच’ असं कुणी म्हटलं की मला ते अर्धंच पटतं. ज्याच्या घरी जेवलो, त्याच्याबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही. मी बडोद्याहून हिमाचलातल्या एका बागेत गेले होते. ठरलं होतं रोज 5 तास, आठवड्यातून 5 दिवस; वर्कअवेवर साधारण हाच हिशोब असतो. प्रत्यक्षात अंधार पडेपर्यंत सफरचंदाच्या पेट्या भरायच्या, आणि झोपायला खताच्या गोण्यांशेजारी गादी. दाराला आतून कडीच नव्हती! रात्रभर दाराला बॅग लावून पडून राहायचे.

आता व्हिडिओ कॉलवर खोली आणि कडी दाखवायला सांगते, तास आणि सुट्टी मेसेजवर लिहून घेते, आणि तिथे राहून आलेल्या एखाद्या मुलीशी बोलल्याशिवाय तिकीट काढत नाही.