मदत हवी आहे : स्टोरीवरचं बटण दाबलं की पुढची स्टोरी येते, आणि मधेच पहिल्या स्टोरीवर उडी (फ्लटर)

माटोळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गोव्यात देवस्थानांच्या उत्सवांत, जत्रा-काल्याला जी मराठी नाटकं होतात त्यांची माहिती देणारं छोटं अॅप करतोय. आज रात्री कुठल्या गावात कुठलं नाटक, एवढंच. आधी साधी यादी होती : गाव, मंडळ, नाटकाचं नाव, वेळ. ती कोणी उघडत नाही. मंडळवाले पोस्टर व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकतात आणि लोक तिथेच बघतात. मग त्यांचा आग्रह, "अॅपातपण वर ते गोल गोल दे रे."

दिले. फ्लटरमध्ये (मोबाइल अॅप बनवायची गूगलची चौकट) स्टोरी व्ह्यू हे तयार पॅकेज घेतलं, मागे फायरस्टोअर (गूगलचा ऑनलाइन डेटाबेस). वर आडवी सरकणारी लिस्ट, न बघितलेल्या गोलाला केशरी कडा. गोल दाबला की पूर्ण पडद्यावर पेज व्ह्यू (बोटाने सरकवायची पानं) उघडतो, एका पानावर एका मंडळाच्या स्टोऱ्या. दिसायला झकास झालंय, वागायला नाही.

पोस्टरखाली मी 'रस्ता दाखवा' असं बटण ठेवलंय. त्यावर बोट ठेवलं की नकाशा उघडतच नाही, सरळ पुढची स्टोरी येते.

दुसरं जास्त छळतंय. तिसरी-चौथी स्टोरी चालू असताना अचानक पहिलं पोस्टर परत येतं. वरच्या सगळ्या पट्ट्या रिकाम्या होतात आणि पहिली पट्टी अर्ध्यापासून भरायला लागते. मी एकटा टेस्ट करतो तेव्हा तासन्‌तास काही होत नाही. मंडळातल्या पोरांच्या हाती दिलं की पाच मिनिटांत होतं. एरर काहीच नाही, लॉग कोरा.

शिवाय एका मंडळावरून दुसऱ्या मंडळावर सरकताना कधी कधी मधलं एखादं पोस्टर गळून जातं. पॅकेज बदलू का? की सगळं हाताने लिहू? पुढच्या महिन्यापासून जत्रांचा हंगाम आहे.

---

कुळागर

पॅकेज बदलायची घाई करू नकोस. दोन गोष्टी सांग. स्टोऱ्यांची यादी तू कुठे बनवतोस, बिल्डच्या (पडदा दर वेळी नव्याने बांधणारं फंक्शन) आत का? आणि प्रत्येक पानाला वेगळा स्टोरी कंट्रोलर (स्टोरी चालवणारा-थांबवणारा) आहे, की वरून एकच पाठवतोस?

---

माटोळी

बिल्डच्या आत. फायरस्टोअरचा स्ट्रीम बिल्डर आहे (डेटा बदलला की आतला भाग आपोआप पुन्हा बांधतो), त्यात डेटा आला की तिथेच यादी तयार होते. कंट्रोलर एकच, पेज व्ह्यूच्या वर बनवलाय. पोस्टरबरोबर 'येणार' म्हणून किती लोकांनी दाबलं तो आकडाही दाखवतो, म्हणून स्ट्रीम ठेवला. दाबायचं बटण यादीच्या पानावर आहे, स्टोरीत फक्त आकडा.

---

कुळागर

मग पोरांच्याच हातात का होतं ते कळलं. तू एकटा असतोस तेव्हा आकडा हलत नाही. चार जण एकदम वापरायला लागले की कोणीतरी कुठेतरी 'येणार' दाबतो, त्या स्टोरीचा दस्तऐवज (डेटाबेसमधली नोंद) बदलतो, स्ट्रीम नवा डेटा ढकलतो आणि तुझा बिल्ड पुन्हा चालतो.

हे पॅकेज 'आता कितव्या स्टोरीवर आहोत' याचा वेगळा आकडा ठेवत नाही. प्रत्येक स्टोरी आयटमवर 'दाखवली' अशी एक खूण असते, आणि यादीतला पहिला न दाखवलेला आयटम म्हणजे चालू स्टोरी. तू बिल्डमध्ये नवे आयटम बनवलेस की सगळ्यांच्या खुणा पुसलेल्या. म्हणून पहिलं पोस्टर येतं. पट्टी भरणारं अॅनिमेशन मात्र जुनंच चालू असतं, ते पॅकेजच्या स्टेटमध्ये आहे ना. म्हणून पहिली पट्टी अर्ध्यापासून भरताना दिसते. एरर येणार कुठून, पॅकेजच्या नजरेने सगळं बरोबर चाललंय.

यादी इनिट स्टेटमध्ये (पडदा उघडताना एकदाच चालतं ते फंक्शन) एकदाच बनव आणि स्टेटमध्ये धरून ठेव. आकड्यासाठी वेगळा छोटा स्ट्रीम बिल्डर, फक्त त्या मजकुराभोवती. जमलं तर आकडा वेगळ्या दस्तऐवजात टाक, म्हणजे प्रत्येक 'येणार'मागे सगळ्यांच्या फोनवर अख्खी स्टोरी परत वाचली जाणार नाही. फायरस्टोअर वाचनाचे पैसे मोजतं हे विसरू नकोस बाबा.

याच खुणेचा फायदाही आहे. एखाद्याने दोन पोस्टरं बघून अॅप बंद केलं, तर पुढच्या वेळी त्या दोन आयटमना आधीच 'दाखवली' अशी खूण करून यादी दे. तो थेट तिसऱ्यावर उघडेल.

कंट्रोलर प्रत्येक पानाचा वेगळाच हवा. तो आपला 'पुढे', 'थांब' हा निरोप ऐकणाऱ्या सगळ्यांना देतो. सरकताना बोट अर्ध्यावर असतानाच पेज व्ह्यू शेजारचं पान बांधतो, म्हणजे तेवढा वेळ दोन स्टोरी व्ह्यू जिवंत आणि दोघांचा कान एकाच कंट्रोलरला. गळालेलं पोस्टर तिथेच गेलं. पान गेलं की कंट्रोलर डिस्पोज (मोकळा) करायला विसरू नकोस.

---

रात्रपाळी

बटणाचं मी सांगतो, मला वर्षापूर्वी हेच भोवलं होतं. पॅकेज स्टोरीच्या *वर* स्पर्श ओळखणारे दोन अदृश्य थर टाकतं : डाव्या कडेला अरुंद पट्टी मागे जायला, बाकीचा सगळा भाग पुढे जायला आणि दाबून धरलं की थांबायला. तुझं बटण आयटमच्या आत, म्हणजे त्या थरांच्या खाली. काचेच्या कपाटातल्या लाडवासारखं, दिसतं पण हात पोचत नाही.

स्वतःचा एक स्टॅक (एकावर एक थर रचणारा) घे, त्यात खाली स्टोरी व्ह्यू आणि वर पोझिशन्ड करून बटण. कुठल्या स्टोरीचा रस्ता दाखवायचा हे 'स्टोरी दिसली' या कॉलबॅकमधून (स्टोरी आली की पॅकेज हाक मारतं ते तुझं फंक्शन) कळेल. पण त्यात थेट सेट स्टेट (पडदा पुन्हा बांधायला सांगणं) केलंस तर पहिल्याच स्टोरीला 'बिल्ड चालू असताना सेट स्टेट' अशी लाल बोंब होईल, कारण तो कॉलबॅक पहिल्यांदा स्टोरी व्ह्यूच्या इनिट स्टेटमधून, म्हणजे तुझा बिल्ड चालू असतानाच येतो. पोस्ट फ्रेम कॉलबॅकमध्ये (बांधणी झाल्यावर चालतो) गुंडाळ, नाहीतर व्हॅल्यू नोटिफायर (बदल फक्त ऐकणाऱ्या भागाला कळवतो) वापर. मला नोटिफायर बरा वाटतो.

नकाशा उघडण्याआधी कंट्रोलर थांबव, अॅप परत समोर आलं की चालू कर.

---

अबोली

मी कोडवाली नाही म्हणजे थोडीशीच आहे, पण उत्सवांच्या कमिटीत असते म्हणून लिहिते. दादा, स्टोरी २४ तासांनी घालवणार का? व्हॉट्सअॅपचं ठीक आहे, नाटकाचं गणित वेगळं. मंडळ दुपारी तीनला पोस्टर टाकतं, पालखी फिरून आल्यावर नाटक सुरू. जाहिरातीत साडेदहा लिहिलेलं असतं, पडदा वर जातो बाराला, संपता संपता पहाट. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला कोणी अॅप उघडलं तर त्याला वाटेल नाटक आज रात्री आहे. उलट चार दिवस आधी टाकलेलं पोस्टर प्रयोगाच्या आदल्या दिवसांतच गायब. तेव्हा मुदत टाकलेल्या वेळेपासून नको, प्रयोगाच्या तारखेपासून मोजा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत.

आणि जत्रेत रेंज नसते हे सांगायला नकोच. सत्तरी तालुक्यात कित्येक गावांत एरवीही नसते.

---

कुळागर

अबोलीताईंचं सोळा आणे खरं. त्यात एक भर : फायरस्टोअरची टीटीएल (मुदत संपली की दस्तऐवज आपोआप पुसायची सोय) लावलीस म्हणून दस्तऐवज त्याच मिनिटाला जात नाही, पुसला जायला एखादा दिवसही लागतो. म्हणून 'संपण्याची वेळ आत्ताच्या पुढे' अशी अट क्वेरीतच (डेटा मागतानाच) घाल. टीटीएल नुसती मागून झाडू मारायला.

रेंजचं म्हणशील तर व्हिडिओला जप. हे पॅकेज व्हिडिओ आधी पूर्ण उतरवून घेतं आणि मग चालवतं, तोवर लोडिंगचा गोल फिरत राहतो. तालमीचा पाच मिनिटांचा व्हिडिओ कोणी जसाच्या तसा टाकला तर जत्रेत तो कधी दिसणारच नाही. १५ सेकंद, ७२० पी, सेकंदाला दीड मेगाबिटच्या आसपास ठेव, म्हणजे तीन एमबीच्या आत बसतो. पोस्टर अपलोड करतानाच १०८० पिक्सेल रुंदीवर आण. पोस्टरची मुदत आधीपासून ठरलेली आहे, तर अॅप घरच्या वायफायवर उघडेल तेव्हाच आजची पोस्टरं कॅशमध्ये ओढून ठेव.

---

माटोळी

देव बरें करूं सगळ्यांना! यादी इनिट स्टेटमध्ये नेली, प्रत्येक पानाला स्वतःचा कंट्रोलर दिला. पोरांना मुद्दाम 'येणार' बडवायला सांगितलं, आकडा हलतो आणि पोस्टर जागचं हलत नाही. बटणही वरच्या थरात आणलं, नकाशा उघडतोय. अबोलीताई, सकाळी सहा ठेवलं.

'दाखवली'ची खूण सध्या फोनवरच ठेवतो, शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये. लॉगिनच नाही तर सर्व्हरवर कुणाच्या नावाने ठेवू? प्रयोग होऊन गेला की ती नोंद उडवतो, नाहीतर हंगाम संपेपर्यंत ढीग होईल.

व्हिडिओचा विषय तेवढा बाकी. १५ सेकंद म्हटल्यावर एका मंडळाचे दिग्दर्शक रुसलेत, त्यांच्या नांदीलाच त्याहून जास्त वेळ लागतो म्हणे. फोनवरच व्हिडिओ कापून, लहान करून वर पाठवायला कोणी काही वापरलंय का? जुन्या अँड्रॉइडवर तापून बंद न पडणारं हवं.