फिल मिकेलसन: यूएस ओपनमध्ये सहा वेळा दुसरा, मग याला चोकर म्हणायचं का?

नवखा_पटर

नमस्कार मंडळी, गोल्फ बघायला लागून फार काळ झालेला नाही त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. परवा २०२१ च्या पीजीए चॅम्पियनशिपचे हायलाइट्स बघितले, कियावा आयलंडचा तो समुद्राकाठचा कोर्स, भन्नाट वारा, आणि पन्नाशीचा माणूस ब्रूक्स केपकाला मागे टाकून जिंकतोय, शेवटच्या होलला पब्लिक दोर ओलांडून फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) घुसलंय, बघताना काटाच आला अंगावर. मग फिल मिकेलसनबद्दल वाचत सुटलो तर वेगळंच चित्र दिसायला लागलं. सहा मेजर (यूएस ओपन, मास्टर्स, पीजीए, ब्रिटिश ओपन या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) आहेत, पीजीए टूरवर (अमेरिकेतली मुख्य प्रो मालिका) ४५ विजय आहेत, पण यूएस ओपन एकदाही नाही आणि तिथे सहा वेळा दुसरा! वर्ल्ड नंबर वन पण कधीच नाही. काही लोक सरळ चोकर (मोक्याच्या क्षणी कच खाणारा) म्हणतात, काही म्हणतात उगाच रिस्क घ्यायचा म्हणून हरायचा. नक्की काय समजायचं? आणि हा उजव्या हाताने सही करतो आणि डावखुरा खेळतो, ही काय भानगड आहे?

हूक_स्लाइस

डावखुऱ्याचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. तो मुळात उजवाच आहे, लहानपणी वडील स्विंग करताना समोर उभा राहून बघायचा आणि आरशात दिसतं तसं उलट उचललं, झालं, जन्माचा लेफ्टी. टोपणनाव पण तेच.

बाकी करिअर म्हणाल तर सुरुवातीलाच याने लोकांना वेड लावलं होतं. सॅन दिएगोचा पोरगा, अ‍ॅरिझोना स्टेटकडून खेळताना तीनदा कॉलेजचं वैयक्तिक विजेतेपद, १९९० ला यूएस अ‍ॅमॅच्युअर, आणि जानेवारी १९९१ मध्ये टूसॉनला चक्क पीजीए टूरची स्पर्धाच जिंकला, तेव्हा तो अजून कॉलेजात. अ‍ॅमॅच्युअर असल्यामुळे बक्षिसाची रक्कम घेता आली नाही. त्यानंतर अ‍ॅमॅच्युअरने टूरवर जिंकायला थेट २०२४ उजाडलं, निक डनलॅप. म्हणजे तेहेतीस वर्षं! १९९२ ला प्रो झाला आणि सगळ्यांना वाटलं आता मेजरची रांग लागणार, आणि लागली कसली, बारा वर्षं एकही नाही. टूरवर धडाधड जिंकतोय पण मेजर आली की काहीतरी व्हायचंच. शेवटी २००४ ला ऑगस्टाला (मास्टर्स) एर्नी एल्स क्लबहाऊसमध्ये थांबलाय, याला शेवटच्या होलला बर्डी (ठरलेल्या शॉटपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, एक कमी) हवी, पट (ग्रीनवरून होलकडे ढकललेला शॉट) गेला आणि साहेबांनी जी उडी मारली ती जमिनीपासून जेमतेम वीतभर असेल, अजून त्यावरून चेष्टा होते.

नंबर वनचं म्हणाल तर ज्या काळात तो खेळला तो काळ कोणाचा होता बघा. टायगर वुड्स नसता तर चर्चाच वेगळी झाली असती. याला पीजीए टूरचा प्लेअर ऑफ द इयर एकदाही मिळाला नाही, कमाईच्या यादीत पण कधी पहिला नाही. पण १९९३ ते २०१९, म्हणजे सव्वीस वर्षं सलग जगातल्या पहिल्या पन्नासात होता. चोकर इतका काळ टिकत नाही.

कॅडीकट्टा

वरचं सगळं बरोबर, पण "रिस्क घेऊन हरला" हे जे सगळीकडे कॉपी पेस्ट होत फिरतं ना त्याचा मला कंटाळा आलाय. सहाच्या सहा यूएस ओपन एकेक करून बघा आणि मग बोला.

१९९९ पाइनहर्स्ट. बायको एमीचे दिवस भरलेले, हा पेजर घेऊन खेळतोय आणि सांगून ठेवलंय की वाजला की खेळ अर्धवट सोडून निघणार. रविवारी पेन स्ट्युअर्टबरोबर अटीतटीचं चाललेलं, सोळाव्याला स्ट्युअर्टचा पारचा लांबलचक पट गेला आणि याचा छोटा हुकला, सतराव्याला स्ट्युअर्टची बर्डी आणि याचा पट परत हुकला, अठराव्याला स्ट्युअर्टने पंधरा फुटांचा पट घालून एका शॉटने मॅच मारली. यात कुठे आहे रिस्क? समोरच्याने पट घातले, याने नाही घातले. दुसऱ्याच दिवशी मुलगी झाली. आणि स्ट्युअर्ट चारच महिन्यांत विमान अपघातात गेला, तो भाग आठवला की अजून कसंतरी होतं.

२००२ बेथपेज, टायगर तीन शॉटने पुढे, विषय संपला. २००४ शिनेकॉक, सोळाव्याला बर्डी मारून लीडवर आला आणि सतराव्या पार थ्रीला (तीन शॉटमध्ये संपवायचा होल) बॉल बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), बाहेर काढला चांगला, पण मग पाचेक फुटांवरून तीन पट! डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त; एक जास्त म्हणजे बोगी), रेटीफ गूसन जिंकला. हे पण पटिंगच. २००९ परत बेथपेज, तेराव्याला ईगल (पारपेक्षा दोन कमी) मारून बरोबरी केली आणि शेवटच्या चार होलमध्ये दोन बोगी, लुकस ग्लोव्हर जिंकला.

आता २०१३ मेरियन बघा, हे माझं लाडकं उदाहरण. रिस्क नको म्हणून गड्याने त्या आठवड्यात बॅगेत ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) ठेवलाच नाही, त्याऐवजी पाच वेज (जवळच्या शॉटसाठीचे क्लब)! दहाव्याला रफमधून (लांब गवतातून) बॉल थेट होलमध्ये घालून ईगल, लीड आली. आणि मग तेरावा होल, शंभर-सव्वाशे यार्डाचा पार थ्री, वेजने मारलेला बॉल ग्रीनच्या पलीकडे, बोगी. पंधराव्याला परत वेज, आखूड, परत बोगी. जस्टिन रोज जिंकला. वेज म्हणजे याचं हुकमाचं हत्यार, त्याच्यासारखा फ्लॉप शॉट (उंच उडून अलगद पडणारा) आजही कोणाला जमत नाही, आणि घात त्यानेच केला.

म्हणजे ड्रायव्हरने घालवलेली एकच, २००६ विंग्ड फूट. ती मात्र अशी घालवली की लोक बाकीच्या पाच विसरले आणि तीच एक गोष्ट त्याच्या नावाला चिकटली. शेवटच्या होलला एका शॉटची लीड, पार आली की जिंकला, बोगी आली तरी प्लेऑफ. रविवारी दिवसभरात चौदापैकी फक्त दोन फेअरवे सापडलेले, तरी हातात ड्रायव्हर. बॉल डावीकडे जाऊन हॉस्पिटॅलिटी तंबूवर आदळला, तिथून गुपचूप फेअरवेवर काढायचा सोडून ग्रीनवर मारायला गेला तो झाडाला लागला, मग तिसरा बंकरमध्ये रुतला, डबल बोगी, जेफ ओगिल्व्हीला घरबसल्या ट्रॉफी. नंतर स्वतःच म्हणाला की मी असा कसा मूर्ख. आधीचे दोन मेजर, २००५ पीजीए आणि २००६ मास्टर्स, जिंकलेले होते हे लक्षात घ्या, हा मिळाला असता तर सलग तिसरा.

मला विचाराल तर तो चोकर पण नाही आणि जुगारी शॉट मारून हरणारा पण नाही, छोटे पट ही त्याची खरी दुखरी नस होती आणि यूएस ओपनच्या कडक ग्रीनवर ती उघडी पडायची. पण तंबूवर आदळलेला बॉल टीव्हीवर भारी दिसतो, हुकलेला पट कोणाच्या लक्षात राहतो.

गवतफूल

@कॅडीकट्टा मान्य, पण तुम्ही जरा जास्तच वकिली करताय 😀 सहावेळा दुसरा येणं हा यूएस ओपनचा रेकॉर्ड आहे, सॅम स्नीडसुद्धा चारवरच थांबला होता आणि त्यालाही ती कधीच मिळाली नाही. सहा वेळा होतं तेव्हा फक्त नशीब आणि पट म्हणून सोडून नाही देता येत.

आणि दुसरं, मला तो माणूस म्हणून आता तितकासा आवडत नाही हे स्पष्ट सांगते. २०१८ ला शिनेकॉकला ग्रीनवर बॉल घरंगळत चाललेला असताना धावत जाऊन चालता बॉल मारला, दोन शॉटची पेनल्टी, त्या होलला दहा झाले, आणि वर सांगतो की नियम माहीत होता म्हणून फायदा घेतला. त्या दिवशी त्याचा ४८ वा वाढदिवस होता, पोरकटपणा चालतो म्हणा. मग २०२२ ला सौदी पैशाबद्दल बोललेलं बाहेर आलं, माफी मागितली, स्पॉन्सर गेले, मास्टर्स नाही खेळला आणि जी पीजीए आदल्या वर्षी जिंकली होती तिथे पण नाही गेला, आणि जूनमध्ये थेट एलआयव्हीत (सौदी पैशावरची नवी गोल्फ लीग) हजर. पन्नाशीत मेजर जिंकून जे प्रेम मिळवलं होतं ते वर्षभरात घालवलं. त्याआधीचा सगळ्यात वयस्क मेजर विजेता ज्युलियस बोरोस, १९६८ ला ४८ वर्षांचा, म्हणजे हा रेकॉर्ड किती मोठा होता बघा!

हूक_स्लाइस

@गवतफूल एलआयव्हीचं पटतंय, पण २०२३ मास्टर्स विसरू नका. सगळ्यांनी मोडीत काढलेलं, ५२ वर्षांचा, रविवारी अठरा होल ६५ शॉटमध्ये संपवून जॉन राहमच्या मागे केपकाबरोबर जोडीने दुसरा. तिथे पण दुसराच म्हणा 😂

नवखा_पटर

बापरे, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, धन्यवाद. म्हणजे विंग्ड फूटचा एकच व्हिडिओ सगळीकडे फिरतो म्हणून माझं तसं मत झालं होतं. आता अजून एक, पूर्ण राऊंड बघायचा असेल तर कुठला बघू? कियावा सोडून.

कॅडीकट्टा

२०१३ ब्रिटिश ओपन, मुइरफील्डचा रविवार, डोळे झाकून. मेरियन हरून महिना झालेला, आदल्या आठवड्यात स्कॉटिश ओपन जिंकून आलेला, पाच शॉट मागून सुरुवात आणि ६६. शेवटच्या सहा होलमध्ये चार बर्डी. ब्रिटिश ओपन त्याला कधी जमणार नाही असं सगळे धरून चालले होते, उंच बॉल मारणाऱ्याला तिथला वारा सोसत नाही म्हणून. तिथेही बॅगेत ड्रायव्हर नव्हता बरं का.

त्यानंतर २०१६ ट्रून बघा, तेही ब्रिटिश ओपनच, तिथे तो ६५ मारूनही हरला कारण हेन्रिक स्टेन्सनने ६३ मारले. बाकीच्यांनी त्या दिवशी वेगळीच स्पर्धा खेळली म्हणायला हरकत नाही, तिसरा खेळाडू फिलच्या अकरा शॉट मागे होता.

गवतफूल

आणि २०१० ऑगस्टा! बायको आणि आई दोघींना आदल्या वर्षी कॅन्सर निघालेला, एमी आठवडाभर बहुतेक वेळ झोपून होती आणि रविवारी अठराव्याला येऊन उभी राहिली. तेराव्याला दोन झाडांच्या मधून, पाइनच्या काड्यांवरून, सिक्स आयर्नने ओढ्यापलीकडे ग्रीनवर मारलेला शॉट आहे त्यात. त्याची बॅग वाहणारा कॅडी बोन्स सेफ खेळ म्हणत होता, ऐकतोय कोण. माणूस आवडत नसला तरी तो शॉट मी कितीही वेळा बघते.

कॅडीकट्टा

आणि तो बॉल होलपासून चारेक फुटांवर थांबला होता. ईगलचा पट हुकला 🙂