मुंग्या लागल्यात त्या कडक घड्याळाला

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीच्या 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी' या चित्रातली वितळणारी घड्याळं म्हणजे आइनस्टाइनची सापेक्षता (वेळ सगळीकडे सारखा धावत नाही, हा सिद्धांत), असं बरेचदा म्हटलं जातं. दालीने स्वतःच ते उडवून लावलं होतं. त्याला ती सुचली उन्हात पाघळणाऱ्या कॅमेंबेर या मऊ फ्रेंच चीजवरून.

खाली डावीकडचं नारिंगी घड्याळ जरा जवळून बघा. चारांपैकी तेवढंच कडक, झाकण मिटलेलं, आणि मुंग्या लागल्यात नेमक्या त्यालाच. दालीकडे मुंग्या आल्या की कुजणं आलंच. म्हणजे मऊ पडलेली तीन सुटली, शाबूत दिसणारं सडतंय! (शेजारच्यावर एक माशीही आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.)

चित्रातला उदासपणा मात्र चिन्हांपेक्षा उजेडातून येतो: पुढचा भाग सावलीत, मागे स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताचे कडे सोनेरी उन्हात. शिवाय १९३१चं हे चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे. भिंतभर पोस्टरवर ते उगाच भव्य वाटतं.